गिअरबॉक्सवरची पिवळी रेघ

२ नोव्हेंबर

प्रिय ताई,

सोबत एक फॉर्म आहे. त्यावर दोन ठिकाणी तुझी सही हवी. जिथे हवी तिथे मी पेन्सिलीने बारीक फुली केली आहे. तिसऱ्या पानावर सही नको, तिथे चुकून करू नकोस. परतीचं पाकीट तिकीट लावून, पत्ता घालून आतच ठेवलं आहे. तुला फक्त सही करून ते पेटीत टाकायचं आहे.

तुझं कार्ड मिळालं. चारच ओळी होत्या, पण बऱ्याच वेळा वाचल्या. पाच डिसेंबरला तू येणार, फाटकाशी गाडी ताब्यात घेणार, घरात पाऊल टाकणार नाही, आणि हे बाबांना आधी सांगायचं नाही. ठीक आहे. सांगितलेलं नाही. फोनही करत नाही. बाबा मागे उभे असले की फोनवर माझा आवाज बदलतो असं तू म्हणतेस, तेव्हा तो बदलत असणारच.

गाडी ठेवून गेलीस तशीच आहे, हे मी आजवरच्या प्रत्येक पत्रात लिहिलं. आजही तेच लिहितो, फक्त एक गोष्ट वगळून. गिअरबॉक्समधून ऑइल गळतंय. काळजीचं कारण नाही. पहिला थेंब अकरा ऑक्टोबरला दिसला. तेव्हापासून शेडच्या फरशीवर प्रत्येक डागाभोवती खडूने गोल करून तारीख घातलेली आहे. पहिला डाग शर्टाच्या बटणाएवढा होता. आता बशीएवढा होतो.

सर्व्हिस सेंटरला जाऊन आलो. काउंटरवर एक टायवाला बसतो. त्याने संगणकात बघून सांगितलं की गिअरबॉक्सची वॉरंटी पाच वर्षांची आहे आणि ती पंचवीस नोव्हेंबरला संपते. त्याआधी अर्ज गेला आणि दोष कंपनीचा ठरला, तर अख्खा गिअरबॉक्स नवा बसवून मिळेल. एक दिवस जरी वर गेला तरी नाही. अर्जावर सही मालकाची लागते, आणि मालक तू आहेस. मी त्याला तीनदा विचारलं, पंचवीस म्हणजे पंचविसावा दिवस धरून की सोडून? तो म्हणाला, “धरून. पण तुम्ही चोवीसलाच या, नाहीतर तुम्हाला झोप लागायची नाही.” झोप आत्ताही लागत नाही, पण ते त्याला कशाला सांगू.

म्हणजे सगळं मिळून इतकंच: पाच डिसेंबरला तुला चालणारी गाडी मिळायला हवी, आणि त्यासाठी पंचवीसच्या आत तुझी सही हवी.

बाकी मी रोज सकाळी गाडी सुरू करून कोपऱ्यापर्यंत नेऊन आणतो, तू सांगितलं होतंस तसं. बाबा गाडीच्या वाटेला जात नाहीत.

फॉर्ममधले बाकीचे रकाने मीच भरले आहेत. कलम सातपुढची खूणही मीच केली आहे. तुला वाचत बसायची गरज नाही.

तुझी,
मोजपट्टी

१० नोव्हेंबर

प्रिय ताई,

पाकीट सात तारखेला आलं. दोन सह्या, दोन्ही बरोबर फुल्यांवर. फुल्या तू खोडलेल्या नाहीत, त्या मी खोडल्या. बाकी आत काही नव्हतं. मी पाकीट उलटं करून झटकलं, उजेडापुढे धरलं. नव्हतंच काही.

गाडी परवा टोचन करून सर्व्हिस सेंटरला नेली. इंजिन नुसतं ओरडतं, गाडी जागची हलत नाही. टोचनवाल्याने साखळी बांधली तेव्हा मी त्याला सांगितलं की बंपरला ओरखडा नको. तो म्हणाला, गाडी तुमचीच का? मी म्हटलं, बहिणीची. मग तो सावकाश चालवू लागला. बहुधा त्यालाही बहीण असावी.

फॉर्म अजून दिलेला नाही. माझ्या खिशात आहे. रोज दुकानात जाताना मी सर्व्हिस सेंटरच्या दारावरून जातो, खिशावर हात ठेवतो आणि पुढे जातो. काल असंच झालं आणि मग दुकानात दाताच्या डॉक्टरांची पाटी रंगवताना वेळ ‘सायंकाळी पाच ते आठ’ऐवजी ‘पाच ते पाच’ लिहिली. सात वर्षांत माझी पहिली चूक. मालकांनी पाटी लांब धरून पाहिली आणि म्हणाले, डॉक्टरांचा हात फारच चलाख दिसतो. सगळे हसले. मी पत्र्यावरची ओळ खरवडून पुन्हा लिहिली.

तुला खरं सांगायचं तर मला कलम सात सतवतंय. तू ते वाचलंस का? त्यात दोन चौकटी आहेत. पहिलीत लिहिलंय की हा गिअरबॉक्स कंपनीच्या माणसाखेरीज कोणीही उघडलेला नाही. दुसरीत, उघडला होता, आणि पुढे कोणी, कधी, का, मालकाशी नातं काय, असे रकाने आहेत. मी पहिल्या चौकटीत बरोबरची खूण करून तुला पाठवलं होतं. त्याखाली तुझी सही आहे.

आणखी एक गोष्ट मी चुकीची लिहीत आलो. मी गाडी कधी चालवलेली नाही. एकदाही नाही, ताई. तू किल्ली माझ्या हातात देऊन म्हणालीस, शिकून घे, रोज थोडी फिरव, बसून गाडी खराब होते. दुसऱ्या दिवशी मी आत बसलो, पट्टा लावला, आरसे पुसले आणि उतरलो. तिसऱ्या दिवशीही तेच. रस्त्यावर लोक कसे एकमेकांच्या अंगावर गाड्या घालतात ते तुला माहीत आहे. मला पाट्या रंगवताना शिडीवर चढायची भीती वाटत नाही, पण तिथे शिडीला समोरून दुसरी शिडी येत नाही.

मग गेली दोन वर्षं गाडी चालू कोणी ठेवली, हे आज माझ्याच्याने लिहवत नाही.

तुझी (हो, मला माहीत आहे ‘तुझा’ हवं. तू लहानपणापासून मोजपट्टी म्हणतेस, आणि मोजपट्टी ती असते),
मोजपट्टी

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

आज सगळं अंगाशी आलं.

सकाळी सर्व्हिस सेंटरमधून दुकानात निरोप आला, ताबडतोब या. गेलो तर गाडी लिफ्टवर वर उचललेली, आणि खाली एक बाई मान वर करून उभ्या. पन्नाशीच्या असतील, चष्मा दोरीने गळ्यात. वॉरंटीची तपासणी त्या करतात. त्यांचा शेरा गेल्याशिवाय कंपनी काही देत नाही. सगळे त्यांना मॅडम म्हणतात, टायवालासुद्धा त्यांच्यासमोर टाय सरळ करतो.

तुला हे समजावं म्हणून आधी सांगतो. गिअरबॉक्सला ऑइल भरायचा एक बोल्ट असतो. कारखान्यात तो आवळला की त्यावर पिवळ्या रंगाची एक रेघ मारतात, अर्धी बोल्टवर आणि अर्धी बाजूच्या धातूवर. नंतर कोणी बोल्ट फिरवला की रेघेचे दोन तुकडे एकमेकांसमोर येत नाहीत. आपल्या गाडीवरची रेघ तुटलेली होती. टोचन यायच्या आदल्या दिवशी मी गाडीखाली आडवा झालो, जुनी रेघ थिनरने पुसली, आणि दुकानातल्या पिवळ्या रंगाने नवी काढली. तीन नंबरचा ब्रश, एक श्वास रोखून, एकाच ओढीत. छान जमली होती.

मॅडमनी बॅटरीचा उजेड नेमका तिथेच मारला आणि विचारलं, ही खूण कोणी केली? मी म्हटलं, कंपनीने.

त्या म्हणाल्या, “कंपनीतला माणूस ब्रश टेकवतो आणि पुढच्या बोल्टकडे जातो. इतकी सरळ रेघ तो स्वतःच्या घराच्या दारावरसुद्धा काढायचा नाही. तुम्ही काय काम करता?”

“पाट्या रंगवतो.”

“वाटलंच.”

शेजारी एक मेकॅनिक चाक काढत होता, तो तोंड फिरवून हसला. माझे कान तापले. मग मी म्हटलं, बोल्ट मीच उघडला होता. त्यांनी विचारलं, कितीचा पाना लागला? मी म्हटलं, बारा. त्या म्हणाल्या, बाराच्या पान्याने या बोल्टला फार तर गुदगुल्या होतील. हात पुढे करा म्हणाल्या. मी केले. नखांत निळा आणि पांढरा रंग होता, ग्रीस कुठेच नाही. जन्मात पहिल्यांदा मला माझे हात स्वच्छ असल्याची लाज वाटली.

मला वाटलं आता अर्ज द्यायच्या आधीच फेटाळणार. त्यांना तो अधिकार आहे, आणि कारणही मीच आयतं दिलं होतं. पण त्या पुन्हा वर बघत म्हणाल्या की खूण पुसून रंगवलेली आहे एवढं लिहून त्या मोकळ्या होऊ शकतात. फक्त त्यांना एक कळत नाही. बोल्टची एकही कड खराब झालेली नाही, कुठे ओरखडा नाही, आवळलाय तोही नेमका हवा तेवढा. ज्याने हे केलं त्याचं आयुष्य यात गेलंय. गळती आधी सुरू झाली की बोल्ट उघडल्यामुळे सुरू झाली, हे तोच सांगू शकतो. आधी सुरू झाली असेल तर दोष कंपनीचा. नंतर झाली असेल तर आपला.

“चोवीसपर्यंत त्यांना घेऊन या,” म्हणाल्या. “आणि तुम्ही पुन्हा इथे ब्रश घेऊन येऊ नका.”

फॉर्म अजून खिशातच आहे. घामाने घडीवर मऊ पडला आहे.

मोजपट्टी

१६ नोव्हेंबर

प्रिय ताई,

बोल्ट बाबांनी उघडला.

तू गेलीस त्या दुपारबद्दल आपण कधी एकमेकांना लिहिलं नाही. नवऱ्याचं घर सोडून तू दोन बॅगा घेऊन आलीस, आणि बाबा दारात उभे राहून म्हणाले, सामान उतरवू नकोस. तू उभ्याने पाणी प्यायलीस. नंतर बॅगा घेऊन तू बसने गेलीस आणि, जिथे राहणार तिथे गाडीला जागा नाही म्हणून, गाडी इथेच राहिली. त्या दिवशी बाबांनी मला सांगितलं होतं की त्या गाडीला या घरातला कोणी हात लावणार नाही.

सहाव्या दिवशी सकाळी मला शेडमधून इंजिनाचा आवाज आला. मी खिडकीतून पाहिलं तर बाबा आत बसलेले. सीटवर त्यांनी पंचा घडी करून घातला होता, कपड्यांचा डाग पडू नये म्हणून. त्यांचे पाय लांब, म्हणून सीट तीन खटके मागे सरकवली होती. कोपऱ्यापर्यंत जाऊन आले, उतरले, आणि सीट पुन्हा तीन खटके पुढे घेतली, तुझ्या मापावर. मग पंचा झटकून खांद्यावर टाकला आणि आत येऊन मला म्हणाले, चहा टाक. मी टाकला. त्या दिवसापासून रोज तेच. ते मला काही बोलले नाहीत, मी त्यांना काही विचारलं नाही, आणि तुला पत्रात ‘मी’ लिहीत गेलो. फरशीवरचे खडूचे गोल त्यांचेच आहेत. मालट्रकच्या डेपोत तीस वर्षं काढलेल्या माणसाची सवय ती.

परवा मॅडमकडून आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. ते जेवत होते. माझं बोलणं पूर्ण होईपर्यंत त्यांनी घास तोंडात धरून ठेवला. मला वाटलं रेघेबद्दल ओरडतील. ते म्हणाले, “तुला पाना उजवा-डावा कळत नाही, आणि तू उघडलास म्हणून सांगून आलास? तेही बारानं?” त्यांना तेच जास्त लागलं. मेकॅनिकच्या मुलाने भर वर्कशॉपमध्ये बाराचा पाना सांगितला.

मग जे झालं ते त्यांनी तुटक तुटक सांगितलं. अकरा ऑक्टोबरला पहिला थेंब. ते रोज बघत राहिले. चोवीस ऑक्टोबरला त्यांना वाटलं आतलं ऑइल फार खाली गेलं असणार, म्हणून गाडी जॅकवर घेतली, बोल्ट उघडला, बोट घालून पाहिलं. बोट कोरडं निघालं. त्यांच्याकडे डेपोतल्या जुन्या ऑइलचा एक डबा होता, त्यातलं अर्धा लिटर भरलं. ते ऑइल ट्रकचं, मधासारखं दाट. तुझ्या गाडीला लागतं ते पाण्यासारखं पातळ आणि लाल. गिअर आपोआप पडणाऱ्या गाडीवर त्यांनी कधी काम केलेलं नाही. दोन दिवसांत गाडी गचके द्यायला लागली आणि तिसऱ्या दिवशी हलेना. तेव्हा ते शेडमध्ये बराच वेळ नुसते बसून होते. मी त्यांना जेवायला बोलवायला गेलो तर म्हणाले, तू जेवून घे.

मी म्हटलं, तुम्ही मॅडमकडे चला. ते म्हणाले, वॉरंटी राहू दे बाजूला, ऑइल अडवणारं रबरी सील मी बदलतो, दोन दिवसांचं काम. मी म्हटलं, नुसत्या सीलने भागणार नाही, आणि तुम्ही पुन्हा उघडलं तर कंपनीकडून काहीच मिळणार नाही. ते म्हणाले, मी कोणापुढे जाऊन चूक झाली म्हणून सांगणार नाही, डेपोत कधी सांगितली नाही. ते खरं आहे. डेपोत त्यांची चूक कधी झालीच नाही, असं निदान ते सांगत आले.

मग मी खिशातला फॉर्म काढून त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, ताईची सही खोट्या कागदावर आहे. तिला माहीत नाही. मी करून घेतली.

त्यांनी चष्मा लावला. कलम सात वाचलंच नाही. सहीच बघत राहिले. मग म्हणाले, सही बदलली हिने. मी म्हटलं, हो, नुसतं नाव लिहिते आता, पुढे काही लावत नाही. त्यांनी फॉर्मची घडी माझ्यासारखीच नीट केली आणि मला परत दिला.

तो फॉर्म मी या पत्रासोबत तुला परत पाठवतो आहे. फाड किंवा ठेव, तो मी आत देणार नाही. सोबत नवा कोरा फॉर्म आहे. यात एकही खूण मी केलेली नाही, पेन्सिलीचीसुद्धा नाही. सगळं वाच. खरं लिहिलं तर बहुतेक नाहीच म्हणतील. गाडी बाबांच्या ऑइलने बंद पडली हे आपणच लेखी देणार. मग पाच तारखेला फाटकाशी मी तुला न चालणारी गाडी दाखवेन, आणि ते मला झेपेल की नाही ठाऊक नाही. पण तुझ्या नावाखाली खोटं जायला नको.

बाबा येतील की नाही, माहीत नाही.

मोजपट्टी

२३ नोव्हेंबर

प्रिय ताई,

फॉर्म काल संध्याकाळी आला. मी पोस्टमनला फाटकातच गाठलं. या वेळी पाकीट झटकावं लागलं नाही.

दुसऱ्या चौकटीत तुझी खूण होती. ‘कोणी’पुढे तू लिहिलंस: माझ्या वडिलांनी. ‘मालकाची हरकत’ या रकान्यात लिहिलंस: नाही. एवढंच. मी तो जेवणाच्या टेबलावर उघडा ठेवला आणि आंघोळीला गेलो. बाहेर आलो तेव्हा फॉर्म होता तिथेच होता, फक्त त्याच्यावर बाबांचा चष्मा होता.

आज सकाळी ते माझ्याआधी तयार होऊन फाटकाशी उभे. इस्त्रीचा शर्ट. हातात पान्यांची पेटी. मी म्हटलं, पेटी कशाला? ते म्हणाले, असू दे.

वर्कशॉपमध्ये टायवाल्याने त्यांना खुर्ची दिली, ते बसले नाहीत. थेट लिफ्टखाली गेले, मान वर करून आपला बोल्ट बघितला, मग माझी रेघ बघितली, आणि मॅडमना म्हणाले, “रेघ याची. बोल्ट माझा.” मॅडम म्हणाल्या, ते मला रेघ बघूनच कळलं होतं.

मग दोघं अर्धा तास बोलले. मला त्यातलं निम्मं समजलं नाही. कुठला दांडा, कुठल्या बाजूची ओल, धूळ कशी बसली होती. बाबा उत्तरं देत होते आणि बोलताना त्यांचा आवाज डेपोतल्यासारखा मोठा होत गेला. मॅडमनी तारखा विचारल्या. त्यांनी न अडखळता सांगितल्या, थेंब अकराला, बोल्ट चोवीसला, आणि म्हणाले, विश्वास नसेल तर घरी येऊन फरशी बघा. मॅडमनी खरोखरच माणूस पाठवला. त्याने खडूच्या गोलांचे फोटो काढून आणले. अकरापासून चोवीसपर्यंत नऊ गोल, एकापेक्षा एक मोठे. तोवर इकडे सील काढलं. त्याची रबराची कड आतून चिरलेली निघाली, बसवतानाच चिरलेली. मॅडमनी ती बाबांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी अंगठ्याने चाचपली आणि मान हलवली.

मला वाटलं झालं. पण मॅडम वहीत लिहिता लिहिता थांबल्या. म्हणाल्या, गळती कंपनीची, हे ठरलं. पण ऑइल तुमचं. तीस वर्षं काम केलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं की आपल्याला जे माहीत नाही ते ओतायचं नसतं. कुठलं ऑइल लागतं ते गाडीच्या पुस्तकात होतं, पुस्तक मालकाकडे. मालकाला का विचारलं नाही?

बाबा पेटीच्या कडीशी चाळा करत राहिले. आजूबाजूला सगळे आपापली कामं करत होते, पण मला वाटलं सगळे थांबलेत.

“मालक म्हणजे माझी मुलगी,” ते म्हणाले. “तिला विचारायला मला तोंड नव्हतं.”

मॅडमनी वही मिटली. फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला. ‘मालकाशी नातं’ हा रकाना तू कोरा सोडला होतास, उघडणाऱ्यानेच तो भरायचा असतो. बाबांनी पेन घेतलं, आणि ताई, इतका वेळ लावला की टायवाला म्हणाला, काका, सांगा, मी लिहितो. बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो परत काउंटरवर गेला. मग त्यांनी लिहिलं. वडील.

अर्ज आज दुपारी सव्वादोनला दाखल झाला. पोच माझ्याकडे आहे. मॅडमनी शेऱ्यात लिहिलंय: ‘गळतीमुळे उघडले, उघडल्यामुळे गळती नव्हे.’ दाट ऑइलबद्दलही लिहिलंय, लपवलेलं नाही. निर्णय वरचं ऑफिस देणार, तो काहीही असू शकतो.

येताना बसमध्ये बाबांनी विचारलं, ती कधी येणार आहे? तू सांगू नकोस म्हणाली होतीस, पण मी पाच तारीख सांगितली. आणि तू आत येणार नाहीस हेही सांगितलं. माझ्याकडचं खोटं सगळं वापरून संपलंय, ताई. ते खिडकीबाहेर बघत ‘बरं’ म्हणाले.

मोजपट्टी

२९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

मंजूर झाला. गिअरबॉक्स नवा मिळणार, पूर्ण. मी टायवाल्याकडून ते दोनदा वाचून घेतलं आणि मग स्वतः वाचलं. मॅडमचा शेरा वरच्यांनी जसाच्या तसा मान्य केला. खाली एक ओळ आहे की यापुढे ऑइल फक्त कंपनीत बदलावं. बाबांना वाचून दाखवली तर म्हणाले, ती माझ्यासाठी आहे.

आज मॅडमनी मला बोलावून घेतलं. गिअरबॉक्सचं खोकं येऊन पडलंय, माझ्या छातीपर्यंत उंच. त्यांनी माणसं लावली तर चार तारखेपर्यंत बसवून, फिरवून बघून देता येईल. म्हणजे पाचला गाडी फाटकाशी उभी. मी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

मग त्या म्हणाल्या, “पण तुमचे वडील सकाळी येऊन गेले.”

मला माहीत नव्हतं. मला ते पिठाच्या गिरणीत जातो म्हणून सांगून निघाले होते.

मॅडम सांगू लागल्या की ते आले, खोक्याभोवती एक फेरी मारली, ठीक आहे म्हणाले, आणि मग त्यांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, सावकाश होऊ द्या, घाई नाही, दहा तारखेला दिलीत तरी चालेल. इतकी वर्षं त्या इथे आहेत, पण गाडी उशिरा द्या म्हणणारं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलेलं नाही. त्यांनी कारण विचारलं तर म्हणाले, मुलगी येते आहे, गाडी तयार असली तर लगेच घेऊन जाईल.

घरी आलो तर ते तुझ्या खोलीच्या खिडकीला तेल देत होते. ती करकरते म्हणून. पिठाचा डबा दारात रिकामाच. त्यांनी मला खिडकी दोनदा उघडमीट करून दाखवली.

मॅडमना उद्याच उत्तर हवं होतं, चार की दहा. मी नेहमीचा असतो तर तिथल्या तिथे चार म्हणालो असतो, कारण ठरलेलं ते ठरलेलं. जिभेवर आलंही होतं. पण मी त्यांना म्हटलं, मला दोन दिवस द्या, मालकाला विचारून सांगतो. त्या म्हणाल्या, हे बरं केलंत.

म्हणून हे पत्र जलद टपालाने टाकतो आहे, आणि सर्व्हिस सेंटरचा फोन नंबर पाकिटाच्या मागे लिहितो आहे. मॅडम नऊला येतात. मला कळवू नकोस, बाबांनाही नको, सरळ त्यांनाच सांग. गाडी तुझी आहे. चार तारीख की दहा, तू म्हणशील तसं.

तुझा,
मोजपट्टी